पाच रुपयांची हद्द

(वडसा इथं तरुणांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो. राहतो मानखुर्दला. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, पण आज कविता म्हणायला आलो नाही. बोलावणाऱ्यांना वाटलं असेल, गोदीवाला आहे, समुद्रावर बोलेल. मी रेल्वेच्या तिकिटावर बोलणार आहे. मुंबईच्या तिकिटाचा आणि वडशाच्या तिकिटाचा संबंध आहे. तो समजून घेतला नाही तर इथून गडचिरोलीला नवी गाडी सुटेल त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवाल आणि दुसऱ्या दिवशी खिडकीपुढं खिसे चाचपाल.

साधी गोष्ट आधी. मुंबईत लोकलचं सगळ्यात कमी तिकीट ५ रुपये. सीएसएमटी ते दादर, ९ किलोमीटर, ५ रुपये. इकडं वडशाहून ब्रह्मपुरीला पॅसेंजरनं निघालात, वैनगंगेचा पूल ओलांडला की ब्रह्मपुरी आलंच, तरी सगळ्यात कमी तिकीट १० रुपये. रूळ तोच, सरकार तेच, तिकिटावरचा शिक्का त्याच भारतीय रेल्वेचा. फरक एका शब्दाचा आहे. मुंबईची गाडी 'उपनगरीय' आहे, तुमची नाही.

कुणी म्हणेल, पाच रुपयांनी काय होतं? ज्यानं कधी रोजंदारी केली नाही त्यानं हे म्हणावं. घरातली दोन माणसं, जाणं-येणं, महिन्याचे २६ दिवस. ५२० रुपये होतात. गोदीत मुकादम हजेरीवरून दहा रुपये कापतो तेव्हा अख्खी टोळी थांबते. इथं तर छापील कागदावर कापतात आणि आपण उलट सुट्टे पैसे तयार ठेवतो.

आता हे भाडं लावतात कसं ते बघा. जगात ढोबळ तीन तऱ्हा आहेत. एक, कुठूनही कुठं जा, एकच पैसा. दुसरी, किलोमीटर मोजून. आपली रेल्वे किलोमीटर मोजते, आणि जितकं लांब जाल तितका दर किलोमीटरमागं कमी होत जातो. एसटीही अंतरच मोजते, पण ६ किलोमीटरचा टप्पा धरून. टप्प्याच्या अलीकडं उतरलात तरी पूर्ण टप्प्याचे पैसे, हे आरमोरी-कुरखेड्याच्या बसनं फिरणाऱ्याला मी सांगायला नको. तिसरी तऱ्हा झोनची. शहराचा नकाशा घ्यायचा, मधोमध परकार रोवायचा आणि गोल काढत बाहेर यायचं. पहिला गोल पहिला झोन, दुसरा गोल दुसरा झोन. एका झोनात किती फिरलात ते कुणी मोजत नाही, रेषा किती ओलांडल्या ते मोजतात. रेषेच्या आतल्या स्टेशनवाला आणि बाहेरच्या स्टेशनवाला यांच्यात दीड किलोमीटरचं अंतर असेल, पण तिकिटात उडी पडते.

तुमचं वडसा झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. नाटकाच्या मांडवात झोन असतातच की! पुढं खुर्ची, तिचं तिकीट जास्त. मागं जमीन, तिचं तिकीट कमी. लांबून बघणाऱ्याला कमी दिसतं म्हणून कमी पैसे, हा न्याय अडाणी माणसालाही पटतो. रेल्वेच्या झोनात उलटं. जो मागं जमिनीवर बसलाय त्याच्याकडून जास्त घ्यायचे आणि पुढच्या खुर्चीवाल्याला स्वस्तात सोडायचं.

मुद्दा हा की परकार रोवतात कुठं? जिथं बँक आहे, कचेरी आहे, न्यायालय आहे तिथं. आपली वस्ती मधोमध असेल आणि साहेबाची कचेरी झोन सहामध्ये असेल असा नकाशा मी तरी पाहिला नाही. आपल्या बापजाद्यांना गावकूस माहीत होतं. ते दगडामातीचं होतं, दिसायचं. ही रेषा दिसत नाही. ती तिकिटाच्या कोपऱ्यात छापलेली असते.

लंडनची गोष्ट सांगतो, कारण ती भांडणाची गोष्ट आहे. १९८१ मध्ये तिथल्या महानगर कौन्सिलवर मजूर पक्ष निवडून आला. त्यांनी ऑक्टोबरमध्ये बस आणि भुयारी रेल्वेचं भाडं सरासरी एक-तृतीयांश उतरवलं आणि खड्डा भरायला सगळ्या भागांवर जादा पट्टी बसवली. ब्रॉम्ली नावाचं शहराच्या टोकाचं एक उपनगर कोर्टात गेलं. म्हणालं, आमच्याकडं भुयारी रेल्वेचं एक स्टेशन नाही, आम्ही दुसऱ्यांच्या स्वस्त तिकिटासाठी का भरायचं? डिसेंबर १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं, लॉर्ड लोकांनी, स्वस्त भाडं बेकायदा ठरवलं. मार्च १९८२ मध्ये भाडी जवळपास दुप्पट झाली. लोक बोंबलले, भांडले. पुढं मे १९८३ मध्ये भाडी पुन्हा खाली आली, आणि झोन आखून एकाच पासावर बस आणि रेल्वे दोन्ही चालतील अशी सोय झाली. म्हणजे आज लंडनच्या नकाशावर जे सुबक गोल दिसतात ते भांडणातून आलेत.

आणि ते गोल दगडावरची रेघ नाहीत. लंडनच्या पूर्वेला स्ट्रॅटफर्ड नावाचं स्टेशन आहे. ते तिसऱ्या झोनात होतं. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी तिथं मैदानं झाली, बाजार झाले, इमारती उठल्या. जानेवारी २०१६ मध्ये ते स्टेशन दुसऱ्या-तिसऱ्या झोनच्या रेषेवर आणलं, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्यात जाता येऊ लागलं. स्टेशन एक इंच हललं नाही. पैसेवाला राहायला आला तशी रेषा सरकली. पॅरिसवाल्यांनी तर सप्टेंबर २०१५ पासून महिन्याच्या पासाला पाचही झोनांत एकच किंमत केली. टोकाच्या वस्तीतला कामगार आणि मधल्या पेठेतला बाबू, पास एकाच पैशाचा.

मुंबईत झोन नाहीत असं पुस्तकात सांगतात. किलोमीटरचा हिशेब, सगळ्यांना सारखा. मी रोज त्यातून जातो, मला तीन रेषा दिसतात.

पहिली रेषा मानखुर्द आणि वाशीच्या मधल्या खाडीवर. माझ्या घरापासून एक स्टेशन. १९९२ मध्ये रेल्वे खाडीपलीकडं गेली. नव्या मुंबईच्या त्या लाईनच्या खर्चातला दोन-तृतीयांश वाटा सिडकोनं उचलला, आणि त्यापोटी तिकडच्या तिकिटावर अधिभार बसला. हिशेबाचा हा भाग झोनचाच आहे, फक्त नाव नाही. तो अधिभार भरणारात तुर्भ्याच्या दगडखाणीतला मजूर होता आणि धुण्याभांड्याला खाडी ओलांडणारी आमची मावशीही होती. तिनं काही नवं शहर मागितलं नव्हतं.

दुसरी रेषा शेवटच्या स्टेशनची. लोकल विरारला संपायची. पलीकडं पालघर, बोईसर, डहाणू. आदिवासींचा पट्टा, कारखान्यांचा पट्टा. माणसं कामाला मुंबईतच यायची, पण लोकलची हद्द विरारला. २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत गेली. जमीन तीच, माणसं तीच. कागदावर 'उपनगर' लांब झालं.

तिसरी रेषा मला सगळ्यात जास्त शिकवते. जून २०१४. केंद्रानं प्रवासी भाडं १४.२ टक्के वाढवलं आणि वर सांगितलं की महिन्याचा पास, जो साधारण १५ एकेरी फेऱ्यांच्या पैशात मिळायचा, तो आता ३० फेऱ्यांच्या पैशात मिळेल. मुंबई पेटली. चार-पाच दिवसांत माघार आली. पास पुन्हा १५ फेऱ्यांवर, आणि उपनगरीय सेकंड क्लासला ८० किलोमीटरपर्यंत वाढ नाही. ८० किलोमीटर! बदलापूर आत. कर्जत १०० वर, बाहेर. कसारा १२१ वर, बाहेर. ज्यांची मतं आणि ज्यांचा आवाज ८० च्या आत, ते वाचले. कसाऱ्याहून पहाटेची लोकल धरून भाजीची टोपली आणणारी बाई ८० च्या बाहेर राहिली. रेषा कुठं पडते ते परकारावर नसतं, कुणाचा आरडाओरडा कुठवर ऐकू जातो त्यावर असतं.

आणि लांब राहायला हौसेनं कोण जातं? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, चाळी विकल्या गेल्या, परळ-लालबागची माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारकडं ढकलली गेली. आधी घर काढून घ्यायचं आणि मग लांब राहतो म्हणून किलोमीटरचे पैसे घ्यायचे. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला धावली ती आमच्याच हार्बर लाईनवर, गोदीच्या कडेकडेनं. तेव्हा गोदीवाला गोदीजवळच राहायचा. आता माझ्या टोळीतले दोघे टिटवाळ्याहून येतात.

आता वडसा. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याचं रेल्वे स्टेशन म्हणजे हे एकच, हे तुम्हाला पाठ आहे. जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, पण रूळ जेमतेम अठरा-एकोणीस किलोमीटरच वाट्याला आले. आधी छोटी लाईन होती, मग मोठी झाली. कारभार बिलासपूरच्या झोनचा. झोन हा शब्द इथं त्या अर्थानं वापरतात. तुमची गाडी कधी सुटणार ते छत्तीसगडात ठरतं आणि पैसे किती ते दिल्लीत.

मार्च २०२० मध्ये कोरोनानं गाड्या थांबल्या. पॅसेंजर परत आल्या तेव्हा 'स्पेशल' होऊन आल्या. नंबरापुढं शून्य लागला आणि भाडं एक्सप्रेसचं झालं. १० रुपयांचं तिकीट ३० ला. पास कितीतरी महिने बंदच. फेब्रुवारी २०२१ मध्ये रेल्वे मंत्रालयानं कारण दिलं: लोकांनी गरज नसलेला प्रवास करू नये म्हणून जवळच्या गाड्यांचं भाडं थोडं जास्त ठेवलंय. थोडं! तिप्पट म्हणजे थोडं. आणि गरज नसलेला प्रवास कुणाचा? मिरची तोडायला बल्लारशामार्गे तेलंगणात जाणाऱ्या बायांचा? ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराचा? जाणं-येणं धरून एका माणसाचे महिन्याला १०४० रुपये जादा. याच काळात मुंबईची लोकल आधी अत्यावश्यक सेवेपुरती चालली, कित्येकांना चढूच दिलं नाही, पण ज्याला चढू दिलं त्याचं तिकीट ५ रुपयेच राहिलं. 'उपनगरीय' या एका शब्दानं मला वाचवलं, तुम्हाला नाही. ३० चे पुन्हा १० झाले ते फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी. चार वर्षं. मुंबईत चार-पाच दिवसांत माघार आली होती.

गरिबाची काळजी वाहिली नाही असं नाही हां. २००९ मध्ये 'इज्जत' नावाचा पास काढला होता. १०० किलोमीटरपर्यंत, महिना २५ रुपये. अट ही की महिन्याची कमाई १५०० च्या वर नको, आणि तसा दाखला आणा. इज्जत घ्यायला आधी बड्या माणसाच्या सहीनं आपण कंगाल आहोत असं लिहून घ्यायचं. नाव ठेवणाऱ्याला विनोदाची जाण चांगली होती.

आता काम काय ते सांगतो आणि थांबतो. वडसा-गडचिरोली ५२ किलोमीटरची लाईन. मंजूर होऊन दहाहून जास्त वर्षं झाली. ती सुरू होईल तेव्हा पुढारी हार घेऊन येतील. तुम्ही एकच प्रश्न विचारा: पहिली गाडी कोणत्या नावानं सुटणार? 'पॅसेंजर' म्हणून सुटली तर सगळ्यात कमी तिकीट १० रुपये. 'एक्सप्रेस' किंवा 'स्पेशल' म्हणून सुटली तर ३०. डबे तेच, रूळ तोच, थांबे तेच. हे पाटी रंगवायच्या आधी ठरतं, उद्घाटनानंतर बोंब मारून उपयोग नाही. अर्ज दोन ठिकाणी द्यायचा, नागपूरच्या विभागीय व्यवस्थापकाकडं आणि बिलासपूरला. मागण्या तीन. गाडी पॅसेंजर म्हणूनच सोडा. पहिल्या दिवसापासून १५ फेऱ्यांच्या हिशेबानं पास द्या. आणि मुंबईला ५ रुपये तर आम्हाला १० का, याचं लेखी उत्तर द्या. विभागाची प्रवासी सल्लागार समिती असते, तिच्यात रोजंदारीवाला किती बसतात तेही विचारा.

तुमच्या घरात २०२१ ते २०२४ मधलं तीस रुपयांचं तिकीट एखाद्या वहीत, पाकिटात राहिलं असेल तर शोधून काढा. अर्जाला जोडायचंय.