केमोथेरपी, फ्री रॅडिकल्स आणि आपला हिशेब
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि सवलतीचे अर्ज माझ्याच मेजावर येतात आणि ते बरेच काही शिकवतात. नाहूरहून धीम्या लोकलने परळला केमोथेरपीसाठी जाणाऱ्या एका भगिनींचे यजमान गेल्या वर्षी आमच्याकडे आले. त्यांची इको तपासणी पुढे ढकलता येईल का, असे त्यांनी विचारले. कारण त्यासाठी ठेवलेले पैसे ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांवर खर्च झाले होते. हेतू निर्मळ होता, हिशेब मात्र उलटा झाला होता. तो कसा, हे आमच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितले.

औषध शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर होते. डॉक्सोरुबिसिन या लाल औषधाला शरीरातील विकरे एक इलेक्ट्रॉन देतात. औषध तो प्राणवायूच्या हवाली करून पूर्वस्थितीला येते आणि हे चक्र चालू राहते. त्यातून निर्माण होणारे अस्थिर कण म्हणजे फ्री रॅडिकल्स. त्यांना आवर घालणारी विकरे हृदयाच्या स्नायूंत तुलनेने कमी असतात. म्हणूनच या औषधाच्या आयुष्यभरातील एकूण मात्रेची नोंद ठेवतात आणि इको तपासणी करतात. सायक्लोफॉस्फामाइडच्या रूपांतरातून एक घटक कर्करोगाच्या पेशी मारतो. ॲक्रोलिन हा दुसरा घटक मात्र पेशींचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन खर्ची पाडतो आणि मूत्राशयाला इजा करतो. त्यावर ‘मेस्ना’ हे नेमके औषध आहे.

मग अँटिऑक्सिडंट गोळ्या सर्रास का घेऊ नयेत? स्तनाच्या कर्करोगाच्या १,१३४ रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. उपचारापूर्वी व उपचारकाळात अशा गोळ्या घेणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असावे, असा संकेत त्यात मिळाला. हा निर्णायक पुरावा नव्हे. सावधगिरीस मात्र तो पुरेसा आहे.

आपल्या मुंबईतील संशोधन तर अधिकच विचार करायला लावते. टाटा मेमोरियल सेंटरमधील डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी रेझव्हेराट्रॉल व तांबे यांचे मिश्रण अभ्यासले. २०२४ साली त्याची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. मरणाऱ्या पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे कण निरोगी पेशींना अपाय करतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आणि ते कण नष्ट करण्यासाठी या मिश्रणातून निघणारी फ्री रॅडिकल्सच उपयोगी पडतात. तात्पर्य, फ्री रॅडिकल हा सरसकट शत्रू नव्हे. अर्थात हेही डॉक्टरांवाचून घरी करण्याचे औषध नाही.

नातेवाइकांना माझी नम्र विनंती आहे : रोजच्या आहारातील फळे-भाज्यांविषयी हे बोलणे नाही, परंतु कोणतीही गोळी, चूर्ण वा काढा सुरू करण्यापूर्वी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना अवश्य विचारा. पैशांची अडचण असेल तर तपासणी चुकवू नका, आमच्याकडे या.

त्या भगिनींची इको तपासणी रुग्णसाहाय्य निधीतून त्याच दिवशी झाली. देणगीदारहो, आपल्या पावतीमागे असा एखादा दिवस असतो. आपला लोभ असाच राहावा, ही प्रार्थना.