हौशी बँडचा कीबोर्ड

हौशी बँडसाठी कीबोर्ड घेताना पट्ट्या मोजण्याआधी वजन पाहावं. रोलँडच्या ज्युनो-डीएस मालिकेत ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड ५.३ किलोंचा आहे, तर ८८ पट्ट्यांचा १६ किलोंहून जड. पियानो शिकलेल्यांना ८८ वजनदार पट्ट्याच हव्यात, हा आक्षेप एकल वादनापुरता रास्त आहे. बँडमध्ये मात्र खालचे सूर बास गिटार सांभाळते, त्यामुळे ६१ पट्ट्यांची पाच सप्तकं पुरतात. त्यातच स्प्लिट करून, म्हणजे पट्ट्यांचे दोन भाग पाडून, डाव्या हाताला व्हायोलिन, उजव्याला बासरी ठेवता येते. गायिकेची पट्टी काळी चार असली, तर सगळे सूर वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण मदतीला येतं. गाणं चालू असताना आवाज बदलावा लागतो, म्हणून दुकानात एक सूर दाबून धरा आणि आवाज बदलून पाहा. धरलेला सूर मध्येच तुटला, तर कार्यक्रमातही तुटेल. अशा वेळी दुसरा कीबोर्ड पाहिलेला बरा.