हवा खाण्याचा हक्क



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

युनियनचा माणूस मुंबईच्या चौपाट्यांवर काय बोलणार, त्याने पगारावर बोलावे, असे आपल्याला वाटले असेल. मी पगारावरच बोलणार आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. लग्नाआधी ते गाळ्यात राहत. दिवसपाळीवाला उठला, की त्याच्याच जागी रातपाळीवाला अंग टाकी. घर म्हणजे ट्रंक ठेवण्याची जागा! बसणे, बोलणे, भांडणे, हसणे सारे बाहेर. म्हणून मी म्हणतो, मैदान आणि समुद्र ही मुंबईच्या कामगाराची चैन नव्हे. ती त्याच्या घराची पडवी आहे.

पण पडवीत बसायला सवड लागते. पूर्वी गिरण्यांना रविवारची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवारी चौपाटीवर भेळ खाताना एवढे आठवावे.

आता या पडवीच्या तऱ्हा पाहा. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही मैदाने कोणी खेळासाठी राखली नव्हती. किल्ल्यावरच्या तोफांना मारा करता यावा म्हणून पुढची जमीन मोकळी ठेवली होती. १८६० नंतरच्या दशकात तट पडला, तोफा गेल्या, आणि तिथे पोरे खेळू लागली. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालतात, की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या फलंदाजाला पाठ लावून उभा असतो. तरी कोणाचा चेंडू कोणाचा, हे बरोबर कळते. इतर गावे पावसाळ्यात क्रिकेट बंद करतात. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग पावसाळ्यातच खेळतात. चेंडू गवतात हरवतो, खेळाडू चिखलात. आणि मोठी भरती असली, की वर्तमानपत्रात वेळ पाहून माणसे मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी लाटेखाली भिजायला जातात. भिजायला तिकीट नाही!

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या संपातच माझी शाळा सुटली. वडील रोज संध्याकाळी मला वरळीच्या समुद्रावर नेत. खिशात चणे घेण्याइतकेही पैसे नसत. आम्ही नुसते बसत असू. घरी परतताना त्यांचा आवाज थोडा मऊ झालेला असे. त्या दिवसांत आमच्या घरात पगार आला नाही. पण समुद्राने आमची मजुरी कापली नाही.

म्हणून पुढचे सांगताना मला राग येतो. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा विकास झाला, तर एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करावी, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती? सगळीकडे शेडच! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. आम्ही घरांसाठी मोर्चे काढले, ते योग्यच होते. पण मैदानासाठी त्याच जोराने ओरडलो नाही. ही आमची, माझीही, चूक झाली.

बंधूंनो, पगार वाढला तर माणूस खोली घेईल. मैदान विकत घेणार नाही. ते सर्वांनी मिळूनच राखावे लागते. आपल्याही गावाला नदीचा घाट असेल, तळे असेल, पोरांचे मैदान असेल. त्याच्या सातबाऱ्यावर काय लिहिले आहे, ते उद्या सकाळी जाऊन पाहा. तोफा गेल्या तेव्हा मैदाने मिळाली. आपण गप्प बसलो, तर ती तोफांशिवायच जातील.