आजार मुलाचा, जबाबदारी साऱ्यांची
(शाखेच्या मेळाव्यातील भाषण)



महागाई भत्ता, बदल्या, रिक्त जागा यांवर आपण नेहमीच बोलतो. आज एका अशा दुखण्याविषयी बोलायचे आहे, ज्याचे नाव आपल्या क्वार्टर्समध्ये दबक्या आवाजात घेतले जाते. बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे कधी उन्माद, तर कधी खोल नैराश्य.

बहुधा किशोरवयात किंवा ऐन तरुणपणी हा आजार डोके वर काढतो. पोरगा रात्र-रात्र झोपत नाही तरी थकत नाही, अखंड बोलतो, पैसे उधळतो. पुढे तोच आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठत नाही. शेजारी म्हणतात, "लाडाने बिघडला." बाप पट्टा काढतो, आई अंगारा लावते. पण हा मेंदूचा आजार आहे. त्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईबापांचे संस्कार कमी पडले म्हणून तो होत नाही.

त्यावर औषध आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड या डॉक्टरांनी लिथियमचा उपयोग दाखवून दिला आणि ते आजही वापरात आहे. मात्र रक्तातले त्याचे प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावे लागते. उन्हाळ्यात घाम, जुलाब, उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की हे प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. डॉक्टरांना न विचारता अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका. बरे वाटले म्हणून औषध मनाने बंद करू नका.

दुसरी गोष्ट झोप. जागरणाने उन्माद उसळतो. आपल्या घरात बाप रात्रपाळीवरून पहाटे येतो, दिवे लागतात, भांडी वाजतात. रोस्टर आपल्या हातात नसेल, पण मुलाची झोपण्या-उठण्याची वेळ पक्की ठेवणे आपल्या हातात आहे. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, औषधांचा डबा कुलपात ठेवा आणि तडक इस्पितळ गाठा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी दूरध्वनी विनाशुल्क आहे.

आता हक्कांचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला, तर अशा मुलाची मुख्यत्वे काळजी घेणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट मागता येते. मूल कमावू शकत नसेल, तर जुन्या पेन्शन नियमांत त्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. त्याची नोंद सेवेत असतानाच करून घ्या. उद्या आपल्यामागे त्याला खिडक्या-खिडक्यांवर हिंडावे लागू नये.

शाखेच्या पदाधिकाऱ्यांना सांगणे एवढेच : असा अर्ज घेऊन कुणी आला, तर त्याची चारचौघांत चर्चा नको. शांतपणे कागद पुरे करून द्या, ड्यूटी बदलून देणारा साथी शोधा. संप असो की आजार, एकट्याचे ओझे वाटून घ्यायलाच आपण संघटना बांधली आहे.