त्वचेचे कवच आणि 'केमिकल पील'
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



महिला शाखेने आम्हांस विषय दिला तो 'केमिकल पील'चा. लग्न ठरले की मुलीने, आणि हल्ली मुलानेही, चेहऱ्यावर हा उपचार करून घ्यावा असा घरोघरी आग्रह होऊ लागला आहे. तेव्हा विषय वेळेवरच दिला म्हणावयाचा.

पील म्हणजे सोलणे. काय सोलले जाते, ते आधी पाहू. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी चेहऱ्यावर १० ते २० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी. मृत म्हणून तो टाकाऊ समजू नये. चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना, अशी ही भिंत आहे. शरीरातील पाणी ती आत राखते आणि जंतू, धूळ, तीक्ष्ण द्रव्ये बाहेर थोपविते. तिचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, आणि ती आम्लताही रक्षणासाठीच असते.

पीलमधील आम्ल या भिंतीवरच काम करते. उसाच्या रसातही आढळणारे ग्लायकॉलिक आम्ल पेशींमधील सांधे सैल करते. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळत असल्याने रंध्रांत उतरते. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल तर त्वचेतील प्रथिने गोठविते, म्हणून तेथे पांढुरका थर दिसतो. ही विद्या नवी नव्हे. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उना यांनी १८८२ साली यांतील काही द्रव्यांच्या उपयोगाचे वर्णन केले होते. मुरुमांवर, वांगावर, डागांवर जाणत्या हाताने केलेले सौम्य पील गुणकारी ठरते, हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु भिंत पातळ झाली की काही दिवस आतील पाणी अधिक वेगाने उडून जाते. त्वचा ओढल्यासारखी होते, चुरचुरते; एरवी सोसणारा साबणही झोंबतो. सौम्य पीलनंतर हे नुकसान बहुधा आठवड्याभरात भरून येते. खोल पीलला पुष्कळ अधिक काळ लागतो, आणि फिनॉलचे पील तर हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवूनच करावे लागते.

आता आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीची गोष्ट. अशा त्वचेतील रंगपेशी दाह झाला की अधिक रंग निर्माण करतात. आम्ल खोल गेले, खपली ओरबाडली किंवा उन्हात हिंडणे झाले, तर उजळपणासाठी केलेल्या उपचाराचे काळे डाग उमटतात आणि ते महिनोन्‌महिने हटत नाहीत. गोरेपणाच्या हौसेचे हे फळ आम्हांस सर्वांत क्रूर वाटते. शिवाय बाटलीवरील टक्केवारीने आम्लाचा जोर पुरता कळत नाही. त्याची आम्लता आणि ते किती मिनिटे ठेविले यावरही तो अवलंबून असतो. म्हणून बाजारातून बाटली आणून घरी प्रयोग करू नयेत. लिंबाचा रसदेखील चांगलाच तीव्र असतो. 'घरगुती' या शब्दावर विसंबू नये.

हळदीच्या आदल्या दिवशी पील करणे हा तर अविचार होय. सोललेल्या त्वचेवर हळद आणि उटणे चोळणे, त्यावर प्रसाधन, होमाचा धूर आणि मांडवातील उष्मा! त्वचेचा बाहेरील भाग नवा होण्यास सुमारे चार आठवडे लागतात. तेव्हा करावयाचेच असेल तर शेवटचे पील लग्नापूर्वी निदान तेवढे दिवस आधी, आणि त्वचारोगतज्ज्ञाच्याच हातून व्हावे. गर्भारपण, ओठांवर वारंवार उठणारे फोड, मुरुमांसाठी चालू असलेल्या गोळ्या, जखमेचे वण जाड होण्याची प्रवृत्ती, हे सारे वैद्यांस आधी सांगावे. नंतर खपली आपोआप गळू द्यावी, साधे मलम लावावे आणि ऊन कटाक्षाने टाळावे.

राहिली आपल्या वधूवर सूचीतील 'वर्ण' या रकान्याची गोष्ट. तो रकाना नसता तर यांतील बरीचशी मुले आमच्या मते दवाखान्याची पायरी चढलीच नसती. पुढील सूचीतून तो गाळावा, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे. तिला सभासदांचे अनुमोदन हवे आहे. सह्यांचा कागद दाराजवळच्या मेजावर ठेविला आहे.