तुम्ही लोक नेमकं काय मानता?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आणि 'ज्याला जे माहीत आहे त्यावर बोला' असं सांगितलं. माझ्या आधीच्या दोघांनी मधुमेह आणि मृत्युपत्र हे विषय संपवले. आपल्या वयाला ते शोभतातही. माझ्याकडे एक जुना प्रश्न आहे. मधल्या सुट्टीत डबा खाताना तुमच्यापैकी एकानं मला विचारलं होतं, "तुम्ही ख्रिश्चन लोक नेमकं काय मानता रे?" मी म्हणालो, "आमच्यात नाताळ असतो. केक असतो." सगळ्यांचं लक्ष केककडे गेलं आणि माझी सुटका झाली. पण उत्तर चुकीचं होतं. आज ते दुरुस्त करतो. कोणाला उपदेश करायला उभा नाही, राहिलेला गृहपाठ दाखवतोय असं समजा.

नाताळ हा आमचा सर्वांत गाजणारा सण आहे, सर्वांत मोठा नाही. 25 डिसेंबरला येशूचा जन्मदिवस पाळल्याची पहिली नोंद चौथ्या शतकातली, रोममधली. त्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती माणसं पाळत आली ती दुसरी गोष्ट : तो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, ही.

आपल्या ग्रुपवर दरवर्षी दोघं-तिघं 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवतात. प्रेमानं पाठवता, म्हणून मीही हात जोडलेलं चित्र टाकून मोकळा होतो. पण त्या दिवशी आमचं घर सुतकातल्यासारखं असतं. आम्ही त्याला उत्तम शुक्रवार म्हणतो. दुपारी बारा ते तीन देवळात उपासना, येशूनं वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वाक्यांवर सात प्रवचनं. लहानपणी मी ती बोटांवर मोजायचो. पाचवं संपलं की भूक लागायची.

आमच्या श्रद्धेचा एक संक्षेप आहे, प्रेषितांचा मतांगीकार. उपासनेत सगळे उभे राहून तो म्हणतात. त्यात येशूखेरीज फक्त दोन माणसांची नावं आहेत. एक मरिया, त्याची आई. दुसरं पंतय पिलात, त्याला मृत्युदंड देणारा रोमन सुभेदार. पिलाताचं नाव तिथं कशाला, हे मला पुष्कळ वर्षं कळत नव्हतं. आता वाटतं, ते तारखेसारखं आहे. 'कोणे एके काळी' असं म्हणायची सोय त्यानं काढून घेतली. अमुक राज्यात, अमुक सुभेदाराच्या कारकिर्दीत, एका माणसाला गुन्हेगार ठरवून मारलं, आणि आम्ही म्हणतो, तो देव होता.

हे विधान विचित्र आहे, हे मला मान्य आहे. पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही ते सोपं गेलं नाही. एकच देव आहे यावर ते ठाम होते. मग येशू कोण? देवानं निर्माण केलेला सर्वश्रेष्ठ जीव, असं अरियस नावाचा अलेक्झांड्रियातला धर्मगुरू शिकवू लागला. वाद इतका चिघळला की सम्राट कॉन्स्टंटाइननं 325 साली निकीया इथं, आजच्या तुर्कस्तानात, बिशपांची परिषद बोलावली. परिषदेनं ठरवलं की पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याच्याच तत्त्वाचा आहे. पुढे पवित्र आत्म्याबद्दलही असाच निर्णय झाला. पिता, पुत्र, पवित्र आत्मा : देव तीन नव्हेत, एकच. याला आम्ही त्रैक्य म्हणतो. बर्फ, पाणी, वाफ असा दृष्टांत आमच्या संडे स्कूलमध्ये द्यायचे. पाळकांनी नंतर सांगितलं की तोही चुकतो, कारण एकच पाणी आळीपाळीनं रूप बदलतं, तसं हे नाही. मी तेव्हापासून दृष्टांत देणं सोडलं.

पुनरुत्थानाबद्दल एकच सांगतो. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी पोचतात त्या बायका. त्या काळी बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. कोणी रचूनच सांगायचं म्हटलं असतं, तर असे साक्षीदार निवडले नसते. हा पुरावा नव्हे, पण मला तो तपशील धरून ठेवतो. पौलानं तर करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहिलं की ख्रिस्त उठला नसेल तर आपला सगळा विश्वास फुकट आहे.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते. वधस्तंभ कशासाठी? आमचा विश्वास असा की माणूस आपल्या चांगल्या कर्मांची बेरीज करून देवाशी हिशेब मिटवू शकत नाही. हिशेब देवानंच स्वतःवर घेतला. क्षमा आधी मिळते. चांगलं वागणं त्यानंतर येतं, आभार म्हणून. याला आम्ही कृपा म्हणतो. मराठी माणसाला हा शब्द परका नाही. रेव्हरंड टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं सांगत. हे नारायण वामन टिळक, ज्यांची 'केवढे हे क्रौर्य' आपण पाठ केली. त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला होता. बाईंनी कविता फार सुंदर शिकवली होती, पण कवी माझ्याच धर्माचा आहे हे मला घरी आल्यावर आजीकडून कळलं.

कृपा मला तोंडपाठ होती. पण एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. भूगोलाच्या खोलीतला पृथ्वीचा गोल आठवतो? तो त्याच्या पाळीच्या दिवशी फुटला म्हणून आपल्या वसतिगृहातल्या एका मुलाला छड्या बसल्या आणि त्याच्या वडिलांनी गावाहून येऊन 18 रुपये भरले. गोल मी फोडला होता. मधल्या सुट्टीत खोलीत शिरून चेंडूसारखा उडवला होता. सरांचा दोष नाही, त्यांना जे दिसलं त्यावर ते वागले. मी दुसऱ्या बाकावर बसून छड्या मोजत होतो.

इथं कोणी म्हणेल, वा, निष्पापानं दुसऱ्याची शिक्षा सोसली, वधस्तंभाचा उत्तम दृष्टांत. मी प्रवचनात तो देऊन टाळ्या घेतल्या असत्या. पण तो खोटा आहे. येशूनं ते आपणहून स्वीकारलं, असं आम्ही मानतो. या मुलाला कोणी विचारलं नव्हतं. त्याच्यावर ते मी लादलं.

आमच्या उपासनेत पापांगीकार असतो. सगळे मिळून म्हणतात, आम्ही विचारानं, शब्दानं, कृतीनं पाप केलं. मी तो हजारो वेळा म्हटला असेन. 'आम्ही' म्हणणं फार सोपं असतं. 'मी', 'गोल', 'अठरा रुपये' हे शब्द त्यात कधी आले नाहीत.

गेल्या महिन्यात या मेळाव्याच्या तयारीसाठी त्याला फोन केला आणि सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला ठाऊक होतं. खिडकीतून बघितलं होतं तुला." मग बोलला नाहीस का? "तुझी वाट बघत होतो. मग वर्ष संपलं, मग राहून गेलं." बारावीत त्यानं मला स्वतःच्या वह्या उतरवून घ्यायला दिल्या होत्या, हे सगळं माहीत असताना. तो ख्रिस्ती नाही. क्षमेचा मक्ता आमच्याकडे नाही, हेही मला त्याच फोनवर शिकावं लागलं. दृष्टांत असलाच तर तो त्या वह्यांत आहे. मी मागण्याच्या कितीतरी आधी त्यानं देऊन टाकलं होतं.

शुभवर्तमानात जक्कय नावाचा एक जकातदार आहे. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करीन असं तो म्हणाला. हिशेब केला : 18 चोक 72. आज सकाळी नावनोंदणीच्या टेबलापाशी पाकीट पुढे केलं. त्यानं मोजून परत दिलं. म्हणाला, "बहात्तरमध्ये आता गोल येत नाही. चहा येतो."

तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. मधल्या सुट्टीत आम्ही फाटकाबाहेरच्या टपरीवर जाणार आहोत.