शहाजीराजे भोसले आणि बंगळूरची जहागीर

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे जुने देवालय आहे. या देवास एक गाव दान दिल्याची नोंद १६६९ सालच्या शिलालेखात असून दात्याचे नाव एकोजी असे आहे. हे एकोजी शहाजीराजे भोसले यांचे पुत्र होत. वेरूळच्या मराठा घराण्याचे नाव कानडी मुलुखातील दानलेखात कसे आले, या प्रश्नाच्या उत्तरात शहाजीराजांच्या उत्कर्षाची सारी कथा सामावलेली आहे. महाराष्ट्रात त्यांचे स्मरण बहुधा शिवाजी महाराजांचे पिते म्हणून होते. येथे मात्र त्यांचा विचार युद्धकाळातील एक सरदार म्हणून करावयाचा आहे.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेत तीन सत्तांचा झगडा चालू होता. अहमदनगरची निजामशाही खचत चालली होती, उत्तरेकडून मोगल पुढे सरकत होते आणि विजापूरची आदिलशाही कधी एकाशी तर कधी दुसऱ्याशी हातमिळवणी करीत होती. अशा काळात पदरी घोडदळ बाळगणारा आणि डोंगरी मुलुखाची खडान्‌खडा माहिती असणारा सरदार प्रत्येक दरबारास हवासा वाटे. १६२४ सालच्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी तेथे धारातीर्थी पडले. पुढे १६२९ साली त्यांचे सासरे लखुजी जाधव यांची दौलताबादेस निजामशहाच्या दरबारी हत्या झाली. त्यानंतर शहाजीराजे मोगलांकडे गेले; परंतु तेथेही ते फार काळ रमले नाहीत.

या बदलांस केवळ चंचलता म्हणणे न्यायाचे होणार नाही. जेथे धनीच सेवकाच्या प्राणाची शाश्वती देऊ शकत नव्हता, तेथे निष्ठा एकतर्फी कशी टिकावी? १६३३ साली दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एका बालकास पुढे करून त्याच्या नावाने कारभार चालविला. राजा नावाचा आणि सत्ता सरदाराची, अशी ही व्यवस्था १६३६ पर्यंत टिकली. त्या वर्षी मोगल आणि विजापूरकर एक झाले. माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांना शरण जावे लागले आणि ते आदिलशाही चाकरीत शिरले.

या पराभवातूनच नवा उत्कर्ष निघाला. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या कर्नाटक मोहिमेत बंगळूर घेतले गेले. पहिल्या केंपेगौडाने वसविलेले हे शहर त्याच्या वंशजाच्या हातून गेले. तो वंशज मागडीस राहिला. बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. विजापूर दूर होते, त्यामुळे वसूल, न्याय आणि बंदोबस्त ही कामे प्रत्यक्षात जहागीरदाराकडेच असत. जयराम पिंड्ये या कवीने रचलेल्या राधामाधवविलासचंपूमध्ये शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन आहे, वि. का. राजवाडे यांनी ते काव्य १९२२ साली प्रसिद्ध केले. त्यात अनेक भाषांतील रचना आढळतात. निरनिराळ्या भाषांच्या कवींना आश्रय देणारा हा दरबार सामान्य छावणीपेक्षा निश्चितच वेगळा होता.

तथापि या वैभवास एक मर्यादा होती. रणदुल्लाखानासारखा पाठीराखा उरला नाही, तेव्हा ती उघड झाली. १६४८ साली जिंजीच्या वेढ्याच्या वेळी सेनापती मुस्तफाखानाने शहाजीराजांना अचानक कैद केले. दहा वर्षे शहर सांभाळणारा हा पुरुष एका हुकुमाने बंदिवान झाला. १६४९ साली त्यांची सुटका झाली. तिच्यासाठी शिवाजी महाराजांना कोंढाणा सोडावा लागला.

युरोपातील बोहेमियात पंधराव्या शतकात असेच घडले होते. हुस्साइट युद्धांत राजसत्ता दुबळी झाली आणि सरदार प्रबळ झाले. त्यांपैकी पोदेब्राडचा जॉर्ज यास १४५८ साली तेथील प्रतिनिधिसभेने राजा म्हणून निवडले. दक्षिणेत अशी सभा नव्हती. येथे सरदाराचे सामर्थ्य कितीही वाढले, तरी त्याचा अधिकार दुसऱ्याच्या फर्मानावर अवलंबून राहत असे.

१६६४ सालच्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. त्यांची समाधी तेथेच आहे. पुढे एकोजींनी तंजावरास राज्य स्थापिले आणि १६८७ साली बंगळूर भोसल्यांच्या हातून गेले. शहाजीराजांनी सैन्य, मुलूख आणि दरबार हे तिन्ही मिळविले होते. ते कोणी काढून घेऊ शकणार नाही असा अधिकार तेवढा त्यांना मिळाला नाही. १६७४ साली रायगडावर त्यांच्या पुत्राने स्वतःस राज्याभिषेक करवून घेतला, तो याच उणिवेची पूर्ती होय.